अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाचा गोल

(सुंगाई लिमाऊ गाव. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. अस्निमारचं स्वयंपाकघर. धाकटा भाऊ जालिनुस तिला ‘उनी’, म्हणजे ताई, म्हणतो; मुलगी येल्मिदा ‘अमाक’, म्हणजे आई.)

जालिनुस : गोल होता! उनी, अल्लाची शपथ घेऊन सांगतो. चेंडू रेघेच्या आत गेला, जाळीला लागला, जाळी हलली. जाळीवरची धूळ माझ्या डोळ्यांत गेली. आणखी काय पाहिजे?

अस्निमार : आधी हा अंड्याचा चहा घे. अंडं फेटता फेटता माझा हात दुखला. चहा थंड झाला की वास येतो त्याला.

जालिनुस : घशाखाली उतरत नाही काही. बारा वर्षांनी नगरी चषकाच्या अंतिम सामन्यात पोचलो आपण. बारा वर्षांनी! समोर कोटो राना गावचा संघ. दोन-एक. दोन मिनिटं उरलेली. आपला गोल होतो, बरोबरी होते, आणि तो माणूस शिट्टी फुंकून हात हलवतो. नाही म्हणे!

अस्निमार : त्या माणसाला नाव आहे. हेंद्रिजाल.

जालिनुस : मी त्याचं नाव घेणार नाही.

अस्निमार : आजच घ्यावं लागेल. दुपारच्या नमाजाआधी विड्याचं तबक घेऊन त्याच्याच घरी जायचंय आपल्याला. त्याच्या मामांसमोर बसून म्हणायचंय, आमच्या येल्मिदासाठी तुमचा हेंद्रिजाल द्या. नाव न घेता कसं मागशील? तो शिट्टीवाला द्या, असं?

जालिनुस : मी येणार नाही.

अस्निमार : मुलीचा मामा तू. मीच तबक उचलून गेले, तर त्याच्या पाराक तिंगी गावची माणसं विचारतील, मामा मेला का.

जालिनुस : सांग, मेला. काल अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला मेला.

अस्निमार : बरं. मग मेलेल्या माणसाला भूक कशी लागली? तिसरं केळं सोलतोयस.

जालिनुस : ते रागाचं आहे. राग आला की मला भूक लागते.

अस्निमार : आणि पायांत बायकोच्या गुलाबी चपला कशा?

जालिनुस : माझ्या... चिखल लागला होता. धुऊन टाकल्यात वाळत. विषय बदलू नकोस. पंच विकला गेला होता, असं सगळा बाजार म्हणतोय.

अस्निमार : बाजार काल दुपारी म्हणत होता की आपण चार-शून्यनं जिंकणार. माझं ऐकशील? पंचाआधी आपली माणसं हरली. पादांग शहरातून भाड्यानं आणलेला तो आडदांड पोरगा आठवतोय ना, पुढं खेळायला? पहिला अर्धा तास तो मैदानात उभा होता की झोपला होता?

जालिनुस : जड झाला होता जरा.

अस्निमार : का झाला? माझ्यामुळं. सामन्याआधी जेवायला आमच्याकडे होता. पाहुण्याची थाळी रिकामी दिसली की माझा हात थांबत नाही. तीनदा मांसाचं रेंदांग वाढलं. तो बिचारा नको नको म्हणत होता, मला वाटलं लाजतोय.

जालिनुस : तीनदा?

अस्निमार : वर बांबूतला चिकट भात. बघ, मी कबूल केलं. आता तू तुझं सांग. पेनल्टी कोण मारणार, हे कुणी ठरवलं?

जालिनुस : समितीनं.

अस्निमार : समितीत कोण?

जालिनुस : मी. पण मी एकटा नव्हतो! सरपंचाचा मेहुणा होता, तांदळाच्या गिरणीवाला होता. गिरणीवाल्यानं सगळ्यांचे शर्ट दिले म्हटल्यावर त्याच्या भाच्याला एक पेनल्टी तर द्यायला हवी ना. शेवटी भाचा म्हणजे भाचा.

अस्निमार : आणि भाच्यानं चेंडू कुठं मारला?

जालिनुस : नारळाच्या झाडावर.

अस्निमार : म्हणजे भाच्यासाठी गिरणीवाला मामा अख्खा सामना पणाला लावतो, आणि भाचीसाठी तुला चार मैल जाववत नाही.

जालिनुस : उनी, तुझ्याशी बोलायचं म्हणजे वकील घेऊन यायला पाहिजे.

येल्मिदा : अस्सलामु अलैकुम. वा, मामा आलेत! अमाक, मला पण दे चहा, अंडं नको. सकाळपासून दवाखान्यात बसायला मिळालं नाही. निम्मं गाव घसा बसला म्हणून आलंय.

जालिनुस : आलीस? ये. तूच सांग. तू तर शाळेत असताना गोलरक्षक होतीस. कालचा गोल, गोल होता की नाही?

येल्मिदा : नव्हता, मामा.

जालिनुस : झालं! अजून लग्न नाही, आणि आत्ताच तिकडची झाली ही.

येल्मिदा : तिकडची-इकडची नाही. नियम आहे. चेंडू आत जायच्या आधी बाहेरची वस्तू मैदानात आली, आणि त्यामुळं गोलरक्षक अडखळला, तर तो गोल देता येत नाही. शिट्टी आधी वाजली होती, तुमच्या ओरडण्यात ती ऐकू आली नाही, एवढंच.

जालिनुस : कसली वस्तू? आकाशातून काय नारळ पडला?

येल्मिदा : नारळ नाही, चप्पल. जाळीमागून, वरून उडत आली ती थेट त्यांच्या गोलरक्षकाच्या कानाखाली. तो मान वळवून बघायला लागला, तेवढ्यात चेंडू आत.

जालिनुस : ...कोटो रानाच्याच कुणाची असेल.

येल्मिदा : जाळीमागं सगळी आपली माणसं होती. पहिल्या ओळीत समिती.

अस्निमार : आणखी साखर हवी का रे?

जालिनुस : नको.

येल्मिदा : सकाळी हेंद्रिजाल दवाखान्यात आले होते. कपाळाला दोन टाके घातले मी. कुणीतरी बाटली मारली काल परत जाताना. मी विचारलं, चप्पल होती हे तिथंच सगळ्यांना ओरडून का नाही सांगितलंत? निदान मार तरी वाचला असता.

जालिनुस : मग? काय म्हणाला?

येल्मिदा : म्हणाले, पाच हजार माणसं, दोन मिनिटं उरलेली. चप्पल म्हटलं असतं, तर माणसं आधी चपलेचा मालक शोधायला लागली असती. आपल्याच गावानं त्याला आडवा केला असता. बाटली एकच लागली, ते बरं झालं.

अस्निमार : शिकलेला दिसतोय.

जालिनुस : पण अहवालात तर लिहावंच लागेल ना त्याला? मालकाचं नाव निघालं तर गाव दोन वर्षं स्पर्धेबाहेर. नियम मला पण माहीत आहेत.

येल्मिदा : लिहिलंय. प्रेक्षकांतून चप्पल आली, फेकणाऱ्याला मी पाहिलं नाही. आणि खरंच पाहिलं नव्हतं, त्यांचं लक्ष चेंडूवर होतं. चप्पल कुणाची, हे कुणी विचारलं नाही.

जालिनुस : म्हणजे त्याला माहीत नाही.

येल्मिदा : मामा, गेल्या रमजानात तुमच्या चपला हरवल्या, तेव्हा तुम्ही मोठ्या मशिदीच्या पायरीवर उभे राहून काय ओरडला होतात?

जालिनुस : मी? काही नाही. आठवत नाही.

येल्मिदा : तीन गावांची माणसं होती. ‘तापलेल्या खिळ्यानं तीन ठिपके पाडलेत मी, ज्यानं नेल्या त्यानं मुकाट्यानं आणून ठेवाव्यात!’ हेंद्रिजाल तिसऱ्या रांगेत होते म्हणे. हे घ्या. कागदात गुंडाळून दिलंय त्यांनी. म्हणाले, ज्याची असेल त्याला द्या, अनवाणी चालायचे दिवस नाहीत.

अस्निमार : उघड की. विंचू नाही त्यात.

जालिनुस : ...डावी आहे.

अस्निमार : उजवी माझ्या लाकडांच्या ढिगामागं आहे. सकाळी चूल पेटवताना हाताला लागली. काल मैदानावरून सरळ इकडं आलास, पाणी मागितलंस, आणि मागच्या दारानं गेलास. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

जालिनुस : तुला सकाळपासून माहीत होतं? आणि अंडी फेटत बसलीस?

अस्निमार : तू बोलत होतास. मध्ये तोंड घालायला जागा कुठं होती?

जालिनुस : मी काय मुद्दाम केलं? चेंडू जाणार, हे दिसत होतं. सगळे टोप्या उडवत होते. माझी टोपी नवी होती. बसायला खाली चपला घेतल्या होत्या, त्यातली एक हातात आली... मला वाटलं वर जाईल. ती पुढं गेली.

येल्मिदा : नेम चांगला आहे तुमचा. पेनल्टी तुम्हीच मारायला हवी होती.

जालिनुस : हस. हस तू. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा. बारा वर्षांनी आलेला चषक मी घालवला. आणि आता त्याच्या घरी जाऊन बसू? तो समोर येणार, कपाळावर पट्टी. मी कुठं बघू?

अस्निमार : पट्टीकडं बघ.

जालिनुस : नाही. पुढच्या महिन्यात जाऊ. लोक विसरले की जाऊ.

अस्निमार : शुक्रवारी खालच्या खोऱ्यातली माणसं येणार आहेत त्याला मागायला. पुढचा महिना नाही आपल्याकडे. येल्मी, तू जरा बाहेरची सुपारी आण बघू.

येल्मिदा : मी हलत नाही. माझंच लग्न आहे, मी ऐकणार.

अस्निमार : मग ऐक. जालिनुस, तू सहा वर्षांचा होतास. मैदान तेव्हा म्हशींचं होतं. सामन्याच्या दिवशी आम्ही मुली सकाळी पाट्या घेऊन शेण उचलायचो. गोलाला जाळी नव्हती, मासे पकडायचं जुनं जाळं बांधायचे. तेव्हा पण कोटो राना, आणि तेव्हा पण आपण हरलो. रेघेवर झेंडा घेऊन धावायला मन्सूर होता. कोटो रानाचा शिक्षक.

जालिनुस : ऐकलंय मी. आपल्या मामांनी गोल केला, त्यानं ऑफसाइड दिला. मामा मरेपर्यंत त्याला शिव्या देत होते.

अस्निमार : त्याच आठवड्यात तबक जायचं होतं माझ्यासाठी. मन्सूरकडे.

येल्मिदा : अमाक!

अस्निमार : विडे बांधून झाले होते. तबकावर आईनं सोनेरी कापड टाकलं होतं. मामा पुलापर्यंत गेले, आणि पुलावरून परत आले. म्हणाले, ज्याला रेघ दिसत नाही त्याला आपली मुलगी कशाला. ते विडे आम्ही सगळ्यांनी दोन दिवस चघळले. तुझे पण ओठ लाल झाले होते.

जालिनुस : हे तू कधी बोलली नाहीस.

अस्निमार : कशाला बोलू? पुढं हिचे बाबा आले, कापडाची गाठोडी घेऊन. माणूस सोन्यासारखा. फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तेवढंच सुख. मला तक्रार नाही. पण ऐन वेळी परत फिरलेलं तबक घरात कसं दिसतं, ते मला माहीत आहे. ती वस्तू मला पुन्हा बघायची नाही.

येल्मिदा : मामा, चहा संपवा. खाली बलक बसलाय.

जालिनुस : ...त्यानं खरंच म्हटलं, अनवाणी चालायचे दिवस नाहीत?

येल्मिदा : खरंच.

जालिनुस : आवाज कसा होता? टोमणा होता का?

येल्मिदा : मी टाके घालत होते, मामा. ते टोमणा मारायच्या अवस्थेत नव्हते.

जालिनुस : उनी, माझी ती दुसरी दे इकडं. आणि तुझ्या त्या रेंदांगचं एक पातेलं बांधून घे बरोबर. बाटली मारणारा आपल्याच गावचा असणार. आपण काहीतरी न्यायला पाहिजे.

अस्निमार : पातेलं केव्हाच बांधलंय.

येल्मिदा : आणि तिथं गेल्यावर सामन्याचा विषय काढायचा नाही हं.

जालिनुस : मी कशाला काढू? त्याच्या मामांनी काढला तर सांगेन, पंच चांगला होता. एवढंच. फार नाही. चांगला म्हणजे... बरा होता.

येल्मिदा : मामा.

जालिनुस : चांगला होता! म्हणतो, चांगला होता. चला आता, ऊन चढायच्या आत पूल ओलांडू. दे, तबक मी धरतो.

अस्निमार : धर. दोन्ही हातांनी.

जालिनुस : उनी... तो मन्सूरनं दिलेला ऑफसाइड. खरंच होता का गं?

अस्निमार : मामा चांगले दोन हात पुढं होते. मी दोरीपाशीच उभी होते. तबक सरळ धर, विडे घसरतायत.