तिसऱ्या धुनेतली टकटक

नाही नाही, बदलून मिळणार नाही. दारावरची पाटी वाचली नाहीत का? — आणि पाटी गेली खड्ड्यात, माल खराब असता तर तुम्ही म्हणायच्या आधी मीच बदलून दिला असता, पण ही रेकॉर्ड खराब नाहीये. तिसऱ्या धुनेत टकटक येते — येते हो, माहितीये मला. सुई पुसलीत, मेहुण्याच्या प्लेयरवर लावून पाहिलीत, तरी येते — येणारच! ती तुमच्या एकट्याच्या तबकडीवर नाहीये, ती छापतानाच आत गेलीये. सगळ्या प्रतींत आहे. बसा. त्या खोक्यावर नको, मोडेल ते — स्टुलावर बसा.

जमवता वाटतं तुम्ही? तोंडावरनं कळतंच म्हणा, झोप नसलेली माणसं सगळी. मीही तेच जमवतो, रॉक नुकतं कुठे पायावर उभं राहत होतं तेव्हाची वाद्यांची ही गाणी — गिटार, ऑर्गन, मध्येच एखादा सॅक्सोफोन, आणि गाणारं कुणी नाही. ते महत्त्वाचं, गाणारं कुणी नाही! बोलण्याचा मला पहिल्यापासून वीट — दुकानात गिऱ्हाइकं डोकं खातात, घरी गेलं की घरातली खातात — ही मंडळी बिचारी वाजवतात आणि गप्प बसतात. मूळ प्रती आता कोण देतंय आपल्याला, मग ही पुन्हा काढलेली घ्यायची आणि समाधान मानायचं. तुम्ही तेच करता, मीही तेच करतो.

आता ही टकटक कुठून आली? कंपनीनं ही रेकॉर्ड पुन्हा काढायची ठरवली, तर मूळ टेपच सापडेना. गोदामात ओल लागून गेली म्हणे. मग अशा वेळी काय करतात — कुणाकडे जुनी तबकडी धड असेल तर ती मागून आणायची आणि तिच्यावरूनच नवी छापायची. सगळे करतात, सांगत कुणी नाही. माझी धड होती. म्हणजे, तेवढं सोडून. कव्हर उलटं करा — खाली, अगदी खाली, मुंगीएवढी अक्षरं — 'एका संग्राहकाच्या सौजन्याने'. तो मी. नाव घालायला शाई संपली होती लेकाच्यांची.

पडला कशानं ओरखडा? हात लागला. — माझा नाही हो, मी रेकॉर्डला कडेनं धरतो, नखसुद्धा लागू देत नाही. बायकोचा. घरात माझा एक नियम होता, रेकॉर्ड चालू असताना बोलायचं नाही. साधा नियम आहे, त्यात काय अवघड? हीच तिसरी धून वाजत होती, ती आतून आली, इथे अशी माझ्यासमोर उभी राहिली, तोंड उघडलं — आणि मी बोट वर केलं. एवढंच. मारलं नाही, ओरडलो नाही, बोट वर केलं. तर बाईंनी प्लेयरवरचा सुईचा दांडा धरून असा खस्सकन ओढला — खर्रर्र! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी आधी तबकडी बघितली. आधी तीच बघणार ना माणूस? मान वर केली तेव्हा दार उघडं होतं आणि ती जिना उतरत होती.

बहिणीकडे असते. बरी आहे. पुढे एका लग्नात गाठ पडली तेव्हा विचारलं मी — काय सांगायला आली होतीस गं तेव्हा? म्हणाली, आठवत नाही. मग म्हणाली, पानं घेतलीत, जेवायला चला, एवढंच असेल. — एवढ्यासाठी कुणी घर सोडतं का, सांगा तुम्ही! खोटं बोलते. मोठं काहीतरी असणार. असलंच पाहिजे.

आणि आता ही नवी आवृत्ती, स्टिकर लावून — 'आवाज स्वच्छ केलेला'. त्यांच्या आवाजवाल्यानं मला फोन केला, कौतुक करून घ्यायला, म्हणतो काका, तुमची टकटक शोधून शोधून काढली, आता मागमूससुद्धा नाही. मागमूस नाही! मी लावून बघितली. खरंच नाही. गिटार सरळ पुढे जाते, जसं कुणी खोलीत आलंच नव्हतं.

म्हणून सांगतो, तुमच्याकडे आहे तीच ठेवा. द्या इकडे, लावतो. नीट ऐका — ऑर्गन येऊ द्या — आता बघा, आता येईल — काय? श्श. चालू आहे ना. नंतर.

...टक. ऐकलंत? ...टक. ...अजून एक, बारीक. झालं.

हां, बोला आता. काय म्हणत होतात? — काही नाही कसं, तोंड उघडलं होतंत, बघितलं मी. बोला की. आता काही चालू नाहीये, बंद केलंय, हे बघा. अहो, काहीही असू दे, फालतू असलं तरी चालेल — आठवत नाही?

आठवत नाही.

बरं. ती नवी घ्या त्या फळीवरून. घ्या, बदलून दिली. ही राहू दे इथेच. पैसे-बिसे काही नको. जा तुम्ही. आणि जाताना दार लावून घ्या.