नोरावहिनीची कच्ची गाणी

चहा येईपर्यंत आमच्या नोरावहिनीचं सांगतो. वहिनी आयर्लंडची, तिकडची लोकगीतं गाते. पहिला अल्बम सगळा पारंपरिक होता. दुसऱ्यातली निम्मी गाणी मात्र तिने स्वतः रचली. अल्बम पाठवायच्या आदल्या दिवशी तिचा धीर सुटला.

"त्या जुन्या गाण्यांशेजारी माझी उघडी पडतात रे. काढूनच टाकते."

मी म्हटलं, आधी कुणाला तरी ऐकव. कसब्यात आमच्या खालच्या मजल्यावर अभ्यंकरकाका राहतात. जन्मभर पेटी शिकवली, पण कुणाचं कौतुक केल्याचं ऐकिवात नाही. भाषा कळणार नव्हती, सूर नक्की कळणार होते.

काही गाणी वहिनीची स्वतःची आहेत, एवढंच काकांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून दहाही गाणी ऐकली. वहिनी ओढणीचं टोक पिळत बसली होती.

"छान आहे," काका म्हणाले. आम्ही दोघं दचकलोच. "फक्त दुसरं, पाचवं आणि आठवं. आपली स्वतःची ना ती? कच्ची वाटतात. जुन्यांत मिसळत नाहीत."

वहिनी जी हसत सुटली, ती थांबेचना. अल्बम आता जसाच्या तसा जाणार, हे मला तिथेच कळलं.

"काका, ती तिन्ही दोनशे वर्षांपूर्वीची आहेत! माझी पाचही तुम्ही जुन्यांत धरलीत."

मला वाटलं, आता तरी काका ओशाळतील. त्यांनी शांतपणे चष्मा चढवला.

"दोनशे वर्षं?" ते म्हणाले. "आणि एवढ्या वर्षांत कुणालाच ती दुरुस्त करावीशी वाटली नाहीत?"