पुसलेली सवय

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या गॅरेजचे मालक, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आमचे उस्ताद, आणि उपस्थित बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. गिअरबॉक्स उघडायलाच मला दोन दिवस लागतात, तेव्हा सांभाळून घ्या.

उस्तादांचं काय वर्णन करावं? ऑटोमॅटिक गाडी आली की आम्ही दोष शोधणारं मशीन जोडायला धावतो. उस्ताद आधी ऑइलची पट्टी पांढऱ्या फडक्यावर पुसणार, वास घेणार, मग मागच्या सीटवर डोळे मिटून बसणार आणि म्हणणार, "चालव." गिअर बदलतानाचा हिसका त्यांना पाठीत कळतो.

चार वर्षांपूर्वी एक ताई घाबरून आल्या. यजमान जाऊन दोन महिने झालेले, गाडी त्यांचीच. शाळेजवळच्या वळणावर, ॲक्सिलरेटरवर पाय असतानाही, ती आपोआप खालच्या गिअरमध्ये जायची. मशीन म्हणालं, दोष नाही. ऑइल स्वच्छ. मी चालवली, उस्ताद मागे. वळण आलं आणि कुणीतरी पाय उचलावा तशी गाडी मंदावली. माझा पाय तर दाबलेलाच होता! उस्ताद एवढंच म्हणाले, "हा पाय तुझा नाही."

असे गिअरबॉक्स चालवणाऱ्याच्या पायाची सवय शिकतात. मालकाला विचारल्याशिवाय ती पुसायची नाही, हा उस्तादांचा दंडक. पण मी शहाणा ना! ते हात धुवायला गेले तेवढ्यात मी मशीनवरचं सवय पुसायचं बटण दाबलं.

आठवड्याने ताई रडत आल्या. "आता ती तिथे हळू होत नाही हो. नंतर आठवलं, शाळेपाशी आमचे हे नेहमी पाय उचलायचे. मी फक्त बघा म्हटलं होतं." उस्ताद म्हणाले, "माझ्या हातून पुसलं गेलं." मी खाली मान घालून पाना पुसत राहिलो.

पुढे गाडी चार दिवस सर्व्हिसिंगला आमच्याकडे होती. त्यानंतर ताईंचा फोन आला, गाडी पुन्हा वळणावर मंदावते. मी ओळखलं, उस्तादांनीच तिथे पुन्हा पुन्हा पाय उचलून तिला शिकवलं असणार. एक गोष्ट मात्र खटकायची. गिअरबॉक्स पाय शिकतो. वळण शिकतो असं कंपनीच्या पुस्तकात कुठेच नाही.

मघाशी पुष्पगुच्छ देताना मी त्यांना हळूच विचारलं, "उस्ताद, ती गाडी तुम्हीच शिकवलीत ना?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मी? मला वाटलं, तू."

ताई समोर तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. ताई, बटण मी दाबलं होतं. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृह पोटात घालेल. हे मात्र तुम्हीच माफ करायचं आहे. त्या गाडीला यापुढे आमच्याकडे कुणी मशीन जोडणार नाही, एवढा शब्द देतो आणि सर्वांचे आभार मानून खाली बसतो.