सुकरीच्या दारचा डोना

(गोंडपिपरी, १९५७. आमदार भैयाजींच्या घरची ओसरी. समोर बायको सुगंधाबाई. दाराशी पक्षाचा जुना कार्यकर्ता रामाजी.)

सुगंधाबाई : पेली! हो, पेली मी! अजून कितीकदा सांगू?

भैयाजी : हळू बोल. मी गावोगाव दारूबंदीवर भाषणं ठोकतो, अन् माझीच बायको मोहाची दारू पिते! नागपूरच्या पेपरात आलं हे.

सुगंधाबाई : ठेकेदाराच्या लाकडाखाली दबून सुकलू मेला, थे काऊन नाई आलं पेपरात? ठेकेदार तुमचा दोस्त म्हणून?

रामाजी : बाई, जरा दमानं...

सुगंधाबाई : तुमी चूप ऱ्हा, रामाजीभाऊ. त्याच्या मयतीत गेली होती मी. तिथी आधी मेलेल्याच्या नावानं दारू शिंपडतेत, मंग पानाच्या डोन्यात सगळ्याइले देतेत. सुकरीनं डोना पुढं केला. नाई म्हणू? नवरा गेला तिचा!

भैयाजी : मग उद्याच्या सभेत एवढंच बोल, की सुकरीनं सरबत म्हणून पाजली, फसवलं. विषय संपला.

सुगंधाबाई : संपला? जमादार तिले धरून नेईन, अन् ठेकेदाराविरुद्ध बोलाले कोनी उरनार नाई. मले का समजत नाई?

भैयाजी : त्या गोंडांच्या पायी माझं तिकीट जाईल!

सुगंधाबाई : पहिल्या इलेक्शनात सुकरीच्याच गावात तुमीबी पेले होते. सांगा रामाजीभाऊ, खोटं बोलून राह्यली का मी?

रामाजी : ...पेले होते, बाई. भैयाजीनं डोना घेतला तवाच गावचा पटेल बोलला, आता हा आमचा मानूस. सारा गाव मत द्याले आला.

सुगंधाबाई : तवा मान होता, अन् आता दारू झाली! लाज वाटू द्या जराशी!

भैयाजी : बस्स! तू बोल, नाहीतर नको बोलू. जमादाराला निरोप गेलाय. सकाळी तिची भट्टी फोडतील, तिला ठाण्यात बसवतील. फसवलं म्हणून तीच कबूल करेल.

सुगंधाबाई : रामाजीभाऊ, बंडी जुपा.

भैयाजी : रामाजी, खबरदार! बैलाले हात लावशीन तं!

रामाजी : भैयाजी, त्या दिवशी तुमच्यासंगं म्याबी डोना घेतला होता. जुपतो, बाई.

भैयाजी : सुगंधा! आता गेली तं या घरात पाय नको ठेवू. चालली कुठी तू?

सुगंधाबाई : सुकरीकडं. जमादार येईन तवा तिच्या दारात कोनीतरी बसलेलं पायजे.