उत्तरेच्या भिंतीवरचे अकरा चौकोन

ग्रामचर्च समितीचे सन्माननीय अध्यक्ष हेनिंग लुन्गो, व्यासपीठावरील पाद्रीबाई, चाळीस वर्षं आपल्या जुन्या भिंती सांभाळून आज निवृत्त होणाऱ्या बोडिल क्रागलुंड, आणि कॉफी थंड होईल म्हणून मनातल्या मनात माझं भाषण आवरतं घेणाऱ्या स्कोव्हरूपच्या समस्त मंडळींनो,

मला कौतुकाचे चार शब्द बोलायला सांगितलंय. ते माझ्याआधीचे वक्ते छान बोलले. मला बोलायचंय ते कौतुक नाही.

टेकडीवरच्या आपल्या आठशे वर्षांच्या चॅपलचा जीर्णोद्धार बोडिलबाई करत होत्या, तेव्हा मी तिथे रेखाटनं करायला जात असे. उत्तरेच्या भिंतीवर अकरा फिकट चौकोन दिसले. काही पिवळसर, काही राखाडी, एक किंचित गुलाबी. मी हरखूनच गेलो. त्यांवरून मोठं अमूर्त चित्र केलं, ते कोपनहेगनच्या एका संग्रहालयाने घेतलं, आणि मी छाती फुगवून मुलाखत दिली, की मध्ययुगातल्या कुणा अनामिक हाताने मला हे दिलं.

प्रदर्शनाला बोडिलबाई आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे एस्किल, तो तिसरा चौकोन मला साधला नव्हता. चुन्यात गेरू जरा जास्त पडला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? भिंतीला कोणती छटा शोभेल ते बघायला मी लावलेले नमुने ते! नंतर अख्खी भिंत रंगवली की वरून."

मंडळी, चूक कुणाकडूनही होते. पण दुसऱ्याच दिवशी वार्ताहर आला, तेव्हा मी काय केलं? पुन्हा तोच अनामिक हात! नाव ठाऊक असताना! नऊ वर्षं हेच सांगत आलो. बाई दर रविवारी इथे भेटायच्या, एका शब्दाने बोलल्या नाहीत. चारचौघांत माझी खरडपट्टी काढली असती तर बरं झालं असतं. मला स्वतःची लाज वाटते.

गेल्या आठवड्यात मी संग्रहालयाला सगळं लिहून कळवलं. चित्राखाली आता त्यांचंही नाव लागेल. आज सकाळी मोठ्या तोऱ्यात त्यांना हे सांगायला गेलो, तर म्हणाल्या, "आई होती तेव्हा लावायचंस रे. तिला शेवटपर्यंत वाटायचं, पोरीने जन्मभर नुसत्या भिंती पांढऱ्या केल्या."



मला बोलू दिलंत, समितीचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. बोडिलबाई, तुम्ही मात्र माफीची घाई करू नका.