बारा फुल्यांची कॅसेट

काका : बसा. पण त्या खुर्चीवर नको, तिच्यावर चांदण्या आहेत.

पाहुणी : कुठं? अगं बाई, हो की!

काकू : तुम्ही इकडे पलंगावर या. या घरात माणसांनी उभं राहायचं आणि चांदण्यांनी बसायचं, असा रिवाज आहे.

काका : धुऊन वाळत घातल्यात हो. पत्र्याच्या आहेत, ओल राहिली की गंज धरतात. तर तुम्ही काय म्हणत होतात, जुन्या बाजारातल्या दुकानदारानं माझा पत्ता दिला?

पाहुणी : हो. तो म्हणाला, नाताळचं काहीही आलं, सजावट असो की गाणी असोत, ते त्या काकांकडेच जातं.

काकू : जातं कसलं! हे जाऊन उचलून आणतात. जानेवारी उजाडला, की लोक घरातला नाताळ बाहेर काढतात आणि तो इथं मुक्कामाला येतो. आता मे महिना चाललाय, आणि माझ्या कपड्यांच्या कपाटात अजून तीन झाडं उभी आहेत.

काका : दोन. तिसऱ्याच्या नुसत्या फांद्या आहेत.

काकू : ऐकलंत? फांद्या धरत नाहीत मोजणीत.

पाहुणी : चार वर्षांपूर्वी माझ्या आईनं त्या दुकानात एक पेटी दिली होती. हिरवी, पत्र्याची. आत काचेचे पक्षी होते, पायाला चिमटा असलेले.

काका : शेपटीला खरी पिसं. सात पक्षी. एकाची शेपूट गेलेली.

पाहुणी : तुम्हाला इतकं आठवतं?

काका : त्या शेपटीवर माझे दोन रविवार गेलेत, बाई. शेवटी रंगाच्या ब्रशचे केस चिकटवले. लांबून कळत नाही. थांबा, अंड्यांच्या खोक्यात ठेवलेत, काढून देतो. तुमच्या घरचे आहेत, तुम्ही घेऊन जा.

काकू : अहो, आज सूर्य कुठून उगवला? यांच्या हातून एक गोळासुद्धा सुटत नाही कधी.

पाहुणी : नको, काका. राहू देत तुमच्याकडे. ती शेपूट मीच उपटली होती म्हणे. मी पक्ष्यांसाठी नाही आले.

काकू : मग?

पाहुणी : पेटीच्या तळाशी एक कॅसेट होती.

काका : असेल. गाण्यांची असेल तर माझ्याकडे सव्वाचारशे आहेत. हे कपाट, ते कपाट आणि न्हाणीघरावरचा माळा. कुठल्या गायकाची?

पाहुणी : विकतची नाही. घरी भरलेली. रेडिओवरून. माझ्या बाबांनी.

काका : अच्छा. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून?

पाहुणी : तसंच असेल. मला नीट माहीत नाही.

काका : तसंच. वायर जोडून गाणं उतरवायची सोय तेव्हा सगळ्यांकडे कुठं होती? रेडिओपुढे मशीन ठेवायचं, बटण दाबायचं आणि खोलीतल्या सगळ्यांनी तोंडं मिटायची. कुणी शिंकलं की शिंक गाण्यात.

पाहुणी : हो, म्हणूनच आले. मी सरळच सांगते. बाबा गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते. घरात फोटो पुष्कळ आहेत. लग्नातला आहे, कामावरच्या लोकांबरोबरचा आहे, सायकलवरचा आहे. पण आवाज कुठंच नाही. माझे बाबा बोलायचे कसे, जाड आवाजात की बारीक, मला काही माहीत नाही. एकोणचाळीस वर्षांची झाले मी.

काकू : आणि आई? आईनं कधी सांगितलं नाही?

पाहुणी : आवाज कसा सांगणार, काकू? आणि आता तर तिला स्वतःलाच ऐकू येत नाही. सहा वर्षं झाली. म्हणून तर पेटी देऊन टाकली. म्हणाली, मला आता गाणी काय नि भिंत काय. मी पण काही बोलले नाही. पसारा कमी होतोय, बरं वाटलं उलट. आणि मागच्या महिन्यात, भाजी निवडता निवडता, सहज म्हणते कशी, "तुझे बाबा गाणी उतरवायला बसायचे आणि गाणं सुरू झालं की शीळ घालायचे. मी किती ओरडायची, अहो, गाणं बिघडतंय." माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. पाटीवर लिहून विचारलं, ती कॅसेट कुठाय? तर म्हणे, पेटीत होती की.

काकू : अगं माझे आई.

पाहुणी : चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम आहे माझं. आज अर्धा दिवस रजा टाकून आले. काका, असेल ना ती?

काकू : अहो, विचारतायत त्या. सांगा की.

काका : शीळ, म्हणालात.

पाहुणी : हो.

काका : प्रत्येक गाण्यावर.

पाहुणी : आई तरी तसंच म्हणाली. तुम्ही ऐकलीत? म्हणजे आहे!

काका : बाई, माझी एक पद्धत आहे. आणलेली प्रत्येक कॅसेट मी एकदा शेवटपर्यंत ऐकतो. हातात पेन्सिल घेऊन. गाण्यात कुणी खोकलं, दार आपटलं, कुत्रं भुंकलं, की त्या गाण्यापुढं एक फुली. मला गाणं स्वच्छ लागतं. स्वच्छ गाणी मी दुसरीकडे उतरवून ठेवतो. आणि तीनच्या वर फुल्या पडल्या, तर ती कॅसेट बाद.

पाहुणी : बाद म्हणजे?

काका : तुमच्या बाबांच्या कॅसेटला बारा फुल्या पडल्या होत्या. मला आठवतंय, कारण तेवढ्या दुसऱ्या कुणाला पडल्या नाहीत.

पाहुणी : बाद म्हणजे काय, काका?

काका : तिच्यावर मी दुसरं भरतो. जुनं पुसलं जातं.

पाहुणी : पुसलंत.

काका : हो.

पाहुणी : बरं.

काका : मला माहीत असतं तर मी... पण मला कसं माहीत असणार? मी गाणी गोळा करतो, बाई. माणसं नाही.

पाहुणी : नाही, नाही. तुमची काय चूक? आम्हीच देऊन टाकली. निघते मी. काकू, पाणी देता थोडं?

काकू : बसा खाली. निघत नाही तुम्ही कुठं. आणि अहो, तुम्हीही बसा. त्या चांदण्या सरकवा आणि बसा.

काका : अजून ओल्या आहेत त्या.

काकू : सरकवा म्हणते ना! आता मी बोलते त्याच्या मध्ये बोलायचं नाही. तुम्ही पुसलीत ती कॅसेट कोरी होती.

काका : कसली कोरी? मी स्वतः फुल्या मारल्या होत्या तिच्यावर.

काकू : फुल्या मारलेला कागद मी सोलला आणि कोऱ्या कॅसेटवर चिकटवला. बाद झालेली पुन्हा ऐकायची नाही, असा तुमचाच नियम ना? मग तुम्हाला कळणार कसं?

काका : म्हणजे तू... एवढी एकच?

काकू : एकोणीस वर्षांत सदतीस.

काका : सदतीस!

काकू : शिवणयंत्राच्या खालच्या खणात आहेत. तुम्ही सुई कधी हातात धरली असती, तर सापडल्या असत्या.

काका : म्हणजे एकोणीस वर्षं मी कोऱ्या कॅसेटी पुसतोय? आणि माझ्या घरात, माझ्या नाकाखाली, सदतीस खराब कॅसेटी!

काकू : खराब कशानं हो? एकीत एक म्हातारी आहे, सारखी विचारते, गॅस बंद केला का. एकीत दोन भाऊ रजईवरून भांडतात. तुम्ही रविवारी बाजारात गेलात, की मी लावून बसते. घर कसं भरल्यासारखं वाटतं.

काका : मला सांगायचं तरी.

काकू : सांगून तुम्ही ऐकलं असतंत? तुम्हाला गाण्यांशिवाय दुसरं काही ऐकू येतं का? डिसेंबर लागला, की मला या घरात बोलायची चोरी. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. हे उतरवून घेतायत, शांत बसा! मूल ना बाळ, माणूस एक, आणि तोही कानाला पेटी लावून बसलेला. मला एकटं वाटायचं. आज परक्या माणसासमोर सांगते, पण सांगते.



पाहुणी : काकू, ती आहे? खरंच आहे?

काकू : आहे गं, बाळ. आणि माझी लाडकी आहे ती. शीळवाला म्हणते मी त्याला. चार वर्षं भांडी त्याच्याच तालावर घासतेय. थांब, आणते.

काका : मी मशीनचं डोकं पुसून घेतो. जुनी फीत आहे, धूळ असली तर गुंडाळेल. बाई, तुम्ही काळजी करू नका. माझ्या हातून एकही फीत तुटलेली नाही आजवर.

पाहुणी : हा वास कसला?

काका : स्पिरिटचा. धूळ त्यानंच निघते.

काकू : ही घ्या. आणि तो आवाजाचा खटका वर करा जरा, नेहमीसारखा कंजूषपणा नको.

(कॅसेट बसल्याचा आवाज. खरखर. मग रेडिओवरचं नाताळचं गाणं, आणि त्याच्या अंगावरून जाणारी मोकळी शीळ.)

पाहुणी : हे?

काकू : हेच.

पाहुणी : किती आनंदात आहे हा माणूस.

काकू : मग! मी काय उगीच भांडी घासते?

पाहुणी : आई म्हणायची, कमी बोलायचे, कायम कामात. मला वाटायचं, कडक असतील. फोटोतसुद्धा कुणी हसत नाही ना, त्या काळच्या.

काका : सुरात आहे. मी फुली मारली, पण सुरात आहे. गायकापेक्षा अर्धा सूर वर जातो आणि बरोबर खाली येतो. हे सोपं नाही.

काकू : ऐकताय होय तुम्ही? बरं झालं.

पाहुणी : बोलत नाहीत का कुठं?

काकू : एकदाच. शेवटून चौथं गाणं. पुढं घेऊ?

पाहुणी : नको, काकू. क्रमानंच येऊ दे. तुम्हाला चालेल ना?

काकू : मला काय, आज भांडी तशीच पडली तरी चालतील. पाय वर घेऊन बस नीट. तुला अगं-तुगं करते आता, चालेल ना?

पाहुणी : चालेल.

काका : अर्धा तास झाला. कितवं गाणं हे?

काकू : अकरावं. आता बारावं. आता कान दे, पोरी.

काका : थांबली शीळ. कडव्याच्या मध्येच थांबली.

काकू : श्श.

(गाण्यावरून पुरुषाचा आवाज, तीन-चार शब्द.)

काकू : ऐकलंस? "आलो गं ठमे, आलो." एवढंच. मऊ आवाज आहे की नाही? मी आपली चार वर्षं समजतेय, ठमी त्याची बायको. जेवायला हाक मारली असेल तिनं.

पाहुणी : पुन्हा लावा ना तेवढंच.

काका : लावतो. हे घ्या.

पाहुणी : आणखी एकदा.

काका : हे घ्या. बाई, एक सांगू? हाक मारलेली नाही कुणी. शीळ थांबायच्या आधी लांब काहीतरी आहे. मी मागच्या वेळी मांजर समजलो होतो. नीट ऐका, दाराच्या पलीकडून. मांजर नाही. बाळ रडतंय.

काकू : अगो बाई. खरंच की. मला इतकी वर्षं कळलं नाही.

पाहुणी : मला घरी ठमी म्हणायचे. शाळेत जाईपर्यंत. गाल असे होते म्हणून.

काकू : तू होय ठमी!

काका : मग खुर्ची सरकली. चार पावलं. दार. आणि गाणं आपलं चालूच.

काकू : पूस डोळे, पूस. नाहीतर नको पुसूस, कुणी बघत नाही. हे तर स्वतःच चष्मा काढून बसलेत.

काका : काच खराब झालीय.

पाहुणी : आणा इकडे, मी घासून देईन.

काका : मी या कॅसेटची प्रत करतो तुमच्यासाठी. नको, प्रत मला राहू दे, ही तुम्ही न्या. फुलीबिली काही मारणार नाही. आणि त्या बाकीच्या छत्तीसांना मी वरच्या फळीवर जागा करतो.

काकू : माझ्या खणात सुखानं आहेत त्या. पण ऐकायला बसायचं असेल तर या रविवारी. बाजार बुडवून.

काका : येईन.

काकू : बरं, बंद करा आता मशीन. पुढं तीनच गाणी आहेत, बाजू संपेपर्यंत. नुसता रेडिओ, शीळ नाही. मी नेहमी इथंच थांबवते.

पाहुणी : ते परत येऊन बसत नाहीत?

काकू : नाही गं. तिन्ही गाणी कोरडी जातात, मग फीत संपून खटका आपोआप वर येतो. तुझे बाबा नाहीत त्यात. उगाच वाट बघत बसशील.

पाहुणी : नका बंद करू, काका. तीन गाणी होईपर्यंत ते माझ्यापाशी बसलेत.