पानांवरचे डाग

माहं माहेर चिमूरच्या अलीकडे, जंगलाच्या कडेले. काय सांगू तुम्हाले, कळाले लागलं तवापासून मी पानांतच हाव. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, पुडके वाळवाच्या मैदानावर, जावं, वाळले पुडके बोऱ्यात भराच्या आधी त्याईच्यावर पानी शिंपावं, मंग दाबून दाबून भरावं, नाईतं पान फुटते. हे माह्या हातातच बसलं.

नवरा गेला, तं पोरीले घेऊन कोरपन्याकडं या नर्सरीत आली. मालकानं गेटजवळची खोली देली, काम हाय तवरच खोली. इथी फुलं नाई, हिरव्या जाळीखाली शोभेची पानंच पानं. उन्हाळ्यात संध्याकाळी पानं मान टाकत, मले कसंतरी होये, म्हून मी पाईप धरून वरून आंघोळ घालाची अन् कुंड्या एकमेकीले चिकटून ठेवाची. मालक म्हने, वा बाई, झाडं कशी चमकून राह्यली. बाजूच्या गावची शांता माह्यासंग कामाले होती, तिलेबी मीच हे शिकवलं.

पावसाळा लागला, तरी उघाडीच्या दिवशी वरून पाईप चालूच, अन् पानाईवर तेल सांडल्यावानी डाग आले, मंग डागाले पिवळी कडा, मंग देठ सडून वास, हात लावला का पान गळे. मालकानं शेतीच्या साहेबाले आनलं. साहेबानं पान उजेडात धरलं अन् म्हनलं, हा जिवाणूचा रोग हाय, रातभर पान ओलं राह्यते, गरमी हाय, हवा खेळाले जागा नाई, एका पानाचं पानी उडून दुसऱ्यावर जाते. हे वरून पानी कोन मारते, काऊन मारते?

पाईप तवा शांताच्या हातात होता. मीच देला होता. मालक तिच्यावर ओरडले, उद्यापासून येऊ नको. शांतानं माह्याकडं पाह्यलं, मी खाली पाह्यलं. पोरीची दहावी होती, खोली सोडून जावं कुठी? माहेरी कोनी उरलं नाई, सासरी कोनी इचारत नाई. भेकड हाव मी, दुसरं काय.

सडल्या कुंड्या मी खड्ड्यात पुरल्या, बाकीच्या सुट्या सुट्या मांडल्या. आता सकाळीच, मुळापाशीच पानी देतो. शांता कापसात मजुरीले जाते. बाजारात भेटली का पोरीच्या डोक्यावर हात ठेवते, लय शिक माय म्हनते. मले काहीच म्हनत नाई, थेच सहन होत नाई.

दुसरा पावसाळा गेला, एक डाग नाई. परवा मालकानं जाळीत येऊन पानं उलटून उलटून पाह्यली, खूश झाले. म्हनाले, पाह्य बाई, शांता गेली अन् रोगबी गेला.

मी म्हनलं, हो मालक.